घारीच्या गळ्यातले हार

अमरावती,
मंगळवार, ता. २२ जानेवारी १९६३

रा. रा. किसनराव यांस,
शालिकरामचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे जितके ठीक असता येते तितके. तुमच्या गुडघ्याचे कसे आहे ते कळवावे. थंडीत तो धरतो, असे वहिनी सांगत होत्या. माणिकबाईंस माझा जयभीम सांगावा आणि त्यांचा खोकला गेला की नाही तेही लिहावे. दुकान बरे चालत असेल. परतवाड्यात आता माणसांपेक्षा सायकली जास्त झाल्या असे ऐकतो. पत्राचे उत्तर देण्याची तुमची रीत नाही हे मला माहीत आहे (नोव्हेंबरात कार्ड टाकले होते, त्याचेही आले नाही, तक्रार म्हणून लिहीत नाही, टाकले होते एवढेच नोंदवतो), तरीही हे लांबलचक पत्र लिहायला बसलो आहे. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही, आणि घारीची हकिगत पहिल्यापासून ठाऊक असलेला माणूस आता तुम्ही एकटेच उरला आहात.

मी सहसा चिडत नाही. बावीस वर्षे कचेरीत जावक टपाल पाहतो आहे. बाहेर जाणारे प्रत्येक पत्र माझ्या हाताखालून जाते आणि त्यातल्या निम्म्यांत कोणी तरी कोणावर तरी ओरडलेले असते. मी फक्त नंबर घालतो आणि तिकीट लावतो. घरीही माझा आवाज शेजाऱ्यांना ठाऊक नाही. पण परवा रविवारी अकोल्याला जे झाले त्याने माझ्यासारख्या माणसाच्याही डोक्यात तिडीक गेली आहे, आणि ती अजून उतरलेली नाही.

दादाने ऑक्टोबरातच अकोल्याच्या उड्डाण मंडळाचा अर्ज भरला होता हे तुम्हाला माहीत नसेल. इंजिनाशिवाय उडणाऱ्या घरगुती विमानांची स्पर्धा, स्थळ गावाबाहेरच्या तलावाचा बांध, वेळ सकाळी नऊ. बांधावरून विमान हाताने सोडायचे, ज्याचे जास्त वेळ हवेत राहील तो पहिला. अर्जात 'विमानाचे नाव' या रकान्यात दादाने 'घार' लिहिले होते आणि 'अपेक्षित वेळ' या रकान्यात 'चाळीस अंक'. (एक ते चाळीस सावकाश मोजायचे, अशी त्याची मोजणी. घड्याळावर त्याचा विश्वास नव्हता.) अर्ज पोस्टात मीच टाकला. त्यानंतर पंधरा दिवसांत दादा तापाने पडला आणि नऊ नोव्हेंबरला गेला. घार माडीवर दोरीने टांगलेली होती ती तशीच राहिली. तिच्यावर धूळ बसू लागली, आणि वहिनी ती रोज पुसू लागल्या.

घारीवरून दादाचे आणि तुमचे काय झाले ते मी उगाळत बसत नाही. त्या उन्हाळ्यात मैदानावर मीही होतो. घारीने वर तोंड केले, क्षणभर हवेत उभी राहिली आणि शेपटीवर बसली, हे सगळ्या मोहल्ल्याने पाहिले. तुम्ही म्हणालात की नाक हलके आहे, अधपाव शिसे घाल. दादा म्हणाला, घार काय नाकात गोटा घालून उडते? तुम्ही दोघेही आपापल्या परीने शांतपणेच बोलत होतात. मग तुम्ही ते म्हणालात की हे लाकूड ज्या दिवशी उडेल त्या दिवशी परतवाड्याहून पायी तुझ्या घरी येईन, तोवर येणार नाही. आणि दादा म्हणाला, नोको येऊ. अडीच वर्षे झाली. तुम्ही आला नाहीत आणि त्याने शिसे घातले नाही. असो.

संक्रांतीच्या सुमारास मंडळाचे कार्ड आले, दादाच्या नावाने: आपला क्रमांक अकरा, वेळेवर हजर राहावे. मी ते कार्ड कोटाच्या खिशात दोन दिवस ठेवले. तिसऱ्या दिवशी वहिनींनी कोट धुवायला घेतला. संध्याकाळी जेवताना त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तिले एकदा सोडून तर पाहू. पडली त पडली." घारीच्या पंखांवरचे रेशीम वहिनींच्या लग्नातल्या लुगड्याचे आहे, हे तुम्हाला सांगायला नको, भाऊ म्हणून ते तुम्हीच आणले होते.

रविवारी पहाटे आम्ही दोघे निघालो. दादाने पंख निघतील असे बनवले होते, त्यामुळे दोन पंख, धड आणि शेपटी एकत्र ठेवून मी त्यांची मोट बांधली. धूळ लागू नये म्हणून वरून पांढरे धोतर गुंडाळून सुतळीने तीन ठिकाणी आवळले. माझे कपडे पांढरे, वहिनींचे लुगडे पांढरे, हातात साडेचार फुटांचे पांढरे गाठोडे. इथे माझी चूक झाली हे मी कबूल करतो. बडनेऱ्याच्या फलाटावर लोक टोप्या काढू लागले तेव्हा मला वाटले, कोणी पुढारी येत असेल. हमालाने हात लावायला नकार दिला. डब्यात शिरलो तर आख्खे बाक रिकामे झाले आणि भुसावळ पॅसेंजरमध्ये आम्ही पाय पसरून बसलो. असे सुख मला या आगगाडीत यापूर्वी मिळालेले नाही. समोर एक म्हातारबा राहिले होते. त्यांनी विचारले, कोणाचे? मी म्हटले, भावाचे. ते चुकचुकले. किती वर्षांचे? मी म्हटले, अडीच. (मैदानावर पहिल्यांदा सोडल्याला तितकीच झाली.) म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले; त्यांनी पिशवीतले संत्रे काढून वहिनींच्या हातावर ठेवले. मूर्तिजापूर गेल्यावर त्यांनी विचारले, माती कुठे देणार? वहिनी संत्रे सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "अकोल्याले नेऊन राहिलो. उडवाले." म्हातारबांनी दोन्ही पाय बाकावर घेतले ते अकोल्यापर्यंत खाली सोडले नाहीत. त्या दिवशी एवढाच भाग सुखाचा झाला, पुढचे ऐका.

बांधावर पोचलो तेव्हा नऊला दहा मिनिटे कमी होती. मांडव होता, सतरंज्या होत्या, कर्णा होता. समोरून वारा असा येत होता की दादाने पाहिला असता तर चहा टाकून उठला असता. मंद, एकसारखा, तलावाच्या पाण्यावर नुसत्या बारीक रेघा. नाव नोंदवायच्या टेबलाशी कोण असावे? तुमच्या परतवाड्याचे नत्थुजी, पूर्वी लाकडाच्या वखारीत होते ते. आता मंडळाचे चिटणीस आहेत, गळ्यात शिटी आणि छातीवर बिल्ला. त्यांनी विचारले, स्पर्धक कोण? मी सांगितले, देवमन. कुठे आहेत? मी सांगितले, वारले. नत्थुजींनी टोपी काढली, टोपी पुन्हा घातली आणि म्हणाले की मग इथे सही कोण करणार? अर्जावरची सही आणि रजिस्टरातली सही एक पाहिजे, असा नियम आहे. मी जावकचा माणूस, सहीचे महत्त्व मला कोणी शिकवायला नको. मी म्हटले, 'करिता' लिहून मी सही करतो. साहेब रजेवर असले की आम्ही तशीच करतो आणि जिल्ह्याचा कारभार चालतो. ते म्हणाले की जिल्हा चालत असेल 'करिता'वर, विमान चालत नाही. शेवटी म्हणाले, अध्यक्षांना विचारतो. (आपल्या देशात जेवढी कामे बुडाली तेवढी 'विचारतो' या शब्दाने बुडाली, असे माझे मत झाले आहे.)

ते विचारायला गेले आणि इकडे मी व वहिनी पंख बसवत असताना पहिले गृहस्थ आले. दादा अकोल्याच्या कापसाच्या प्रेसमध्ये सात वर्षे सुतार होता, ही गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती. तिथल्या प्रत्येक तिसऱ्या माणसाच्या घरी त्याने बसवलेला दरवाजा आहे. आणि आपल्याकडे मयतानंतरची पहिली भेट उभ्याउभ्या होत नाही हे तुम्ही जाणता. (तुम्ही तरी जाणताच.) बसावे लागते. आलेल्याने 'कसं झालं गा' म्हणावे लागते, मग घरच्या माणसाने पहिल्या दिवसापासून सांगावे लागते आणि शेवट होईपर्यंत कोणी उठायचे नाही. मध्येच उठले तर तो गेलेल्याचा अपमान. घरात ही रीत मी तीन आठवडे पाळली आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तलावाच्या बांधावर, हातात पंख धरून, समोरून तसला वारा येत असताना? मी उकिडवा बसलो. पहिल्या दिवशी अंग दुखत होते, दुसऱ्या दिवशी कामावर गेला, तिसऱ्या दिवशी ताप चढला, इथपर्यंत आलो की दुसरे कोणी यायचे. त्याला मधून ऐकवणे बरे दिसत नाही, म्हणून पुन्हा पहिल्या दिवसापासून.

सहदेव म्हणून एक मोटार कंडक्टर आहे, दादाच्या माहितीतला. आधी परतवाडा-अमरावतीच्या गाडीवर होता, डिसेंबरात अकोल्याला बदलून आला. तो तर पाऊण तास बसला. त्यालाही मी ताप चढलेला सांगत होतो तेव्हा कर्ण्यावरून पुकारा झाला, क्रमांक अकरा. म्हणजे नत्थुजी विचारून आले होते आणि परवानगी मिळाली होती. मी अर्धा उठलो. सहदेवाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवले आणि म्हणाला, "बसा भाऊ. तुमचं दुःख मोठं हाय. विमानाचं काय, विमान उडूनच राहिलं दुनियेत." मी पुन्हा बसलो. असा मी आहे. दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. क्रमांक बाराचे विमान गेले. वाऱ्यात ते असे सरळ गेले की मला त्याच्या मालकाचा राग आला.

आता मुख्य गोष्ट. मंडळाचे अध्यक्ष वामनराव, निवृत्त वकील, अत्यंत सज्जन माणूस. (या पत्रात ज्यांच्यावर माझा राग आहे ते सर्व सज्जन आहेत हे लक्षात घ्यावे. दुर्जन असते तर आम्ही घार सोडून अकराच्या गाडीने घरी आलो असतो.) नत्थुजींकडून त्यांना कळले की एका स्पर्धकाचा मृत्यू झाला असून त्याची विधवा आणि भाऊ त्याचे विमान घेऊन आले आहेत. वामनरावांना गहिवरून आले. त्यांनी स्पर्धा थांबवली. कर्ण्यावरून जाहीर केले की प्रथम दिवंगत देवमनजींना श्रद्धांजली, मग पुढे उड्डाण. त्याच वेळी प्रमुख पाहुण्यांची तार आली की ते येत नाहीत. पाहुण्यांसाठी सात हार सांगितलेले होते. भागीरथाबाई नावाची बाई ते घेऊन सकाळपासून मांडवाशी बसली होती. झेंडूचे, शेवंतीचे, जाड, कोमेजू नयेत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेले. एकीकडे सात हार शिल्लक, दुसरीकडे श्रद्धांजली. पुढे काय झाले असेल ते तुम्ही ओळखले असेल, पण मी ते डोळ्यांनी पाहिले आहे म्हणून लिहितो.

दादाचा फोटो कोणाकडे नव्हता. फोटोच्या जागी घार ठेवली. टेबल आणले, त्यावर पांढरी चादर, त्यावर घार, पुढे उदबत्ती. कोणी तरी पंखावर कुंकू लावले. (दीक्षा घेतल्यापासून ते आमच्याकडे चालत नाही, पण सांगणार कोण?) मग एकेक मान्यवर आला. अध्यक्षांचा हार डाव्या पंखावर, उपाध्यक्षांचा उजव्या. मग तोल जायला नको म्हणून पुन्हा दोन्हींकडे एकेक. शेपटीवर एक. नाकावर दोन, त्यांतला एक तर नाकाभोवती दोन वेढे देऊन. हारांतून पाणी ठिबकत होते. ज्या विमानासाठी दादाने बांबूच्या कामट्या तासून तासून कागदासारख्या पातळ केल्या, दोन कामट्यांतली हलकी कोणती हे ओठांवर धरून पाहिले, त्याच्यावर दोन शेर ओला झेंडू. पोळ्याच्या बैलालाही एवढे घालत नाहीत. घातले तरी त्याला उडायचे नसते. डाव्या पंखाचा बांबू कुरकुरला तो आवाज मी ऐकला. वहिनींनीही ऐकला, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी दुसरीकडे पाहिले.

दोन मिनिटे स्तब्धता झाली. त्या दोन मिनिटांत जो वारा होता तसा मी जन्मात पाहिला नाही. तीनशे माणसे मान खाली घालून उभी होती आणि त्यांतले दहा-बारा स्पर्धक डोळ्यांच्या कोपऱ्यातून वाऱ्याकडे पाहत होते. मग वामनरावांनी भाषण केले, चाळीस मिनिटे. मी ते भाषण वाईट होते असे म्हणणार नाही; ते चुकीचे होते. देवमनजींनी महायुद्धात शत्रूवर विमाने नेली, असे ते म्हणाले. वहिनी माझ्या बाजूला बसल्या होत्या. त्या मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "दारं बसवत होते." नागपूरच्या विमानतळावरच्या कोठारांना दादाने लढाईच्या काळात दरवाजे बसवले, ही गोष्ट खरी आणि पुरेशी आहे. पुढे अध्यक्षांनी जाहीर केले की जास्तीत जास्त वेळ विमान हवेत ठेवणाऱ्याला या वर्षीपासून देवमन स्मृती ढाल देण्यात येईल. टाळ्या झाल्या. ज्याचे विमान आजवर एक अंकही हवेत राहिलेले नाही त्याच्या नावाची ढाल. दादा हे ऐकून हसला असता. मला हसू आले नाही.

श्रद्धांजलीत क्रमांक अकराचा दुसरा पुकारा बुडाला. भाषण संपेपर्यंत ऊन चढले, वारा फिरला, बांधावर धुळीच्या वावटळी उठू लागल्या. बाकीच्यांची विमाने पालथी पडली, एक तलावात गेले, एक मांडवाच्या कापडात घुसले. घारीवरचे हार काढावेत म्हणून मी दोनदा टेबलापाशी गेलो. दोन्ही वेळा कोणी तरी समजले की मी दर्शनाला आलो आहे, आणि बाजूला होऊन हात जोडून उभे राहिले. माणसे हात जोडून पाहत असताना आपल्याच भावाच्या गळ्यातला हार काढून फेकायचा कसा? तुम्हीच सांगा. मी नमस्कार करून परत आलो. दोनदा.

तिसरा पुकारा झाला तेव्हा मी व्यासपीठावर होतो. मला कुटुंबीय म्हणून वर बसवले होते, ढाल माझ्या हातून द्यायची होती. आणि तेव्हाच कर्णा म्हणाला की क्रमांक अकरा, हजर असल्यास पुढे यावे. मी उठलो. वामनराव मला प्रेमाने म्हणाले की बसा, बसा, तुम्हाला त्रास नको. मग एका कॉलेजच्या मुलाला मी ढाल दिली. त्याचे विमान एकोणीस अंक राहिले होते. मुलगा चांगला होता, त्याने माझ्या पायांना हात लावला. स्पर्धा संपली आणि घारीने टेबल सोडले नव्हते.

निघण्यापूर्वी मी नत्थुजींचे रजिस्टर पाहिले. क्रमांक ११, देवमन, अमरावती, विमान 'घार'. शेरा: गैरहजर. किसनराव, तीनशे माणसांनी ज्याच्यासाठी मान खाली घातली, ज्याच्या नावाची ढाल निघाली, ज्याच्या विमानाला सात हार पडले, तो गैरहजर. दादा गैरहजर आहे हे मला रोज सकाळी कळते, त्याच्यासाठी अकोल्याला जाऊन रजिस्टर पाहण्याची गरज नव्हती. पण घार तिथे होती. तिचा मालक नसला तरी ती आली होती, आम्ही दोघे आलो होतो. मी नत्थुजींना म्हटले, 'उड्डाण झाले नाही' असे लिहा, माझी हरकत नाही. ते म्हणाले की शाईने लिहिले आहे.

म्हणून तुम्हाला तसदी देतो. नत्थुजी तुमच्या वखारीकडच्या ओळखीचे आहेत. महिन्यातून एकदा परतवाड्यास येतात असे ते स्वतःच म्हणाले. आले की त्यांना गाठून हा शेरा बदलायला सांगावे. शाई खोडता येते. आमच्या कचेरीत रोज खोडतात, फक्त बाजूला आद्याक्षरे घालावी लागतात. एवढेच काम आहे. पत्र लांबले, राग कमी झाला नाही, तरी आता बारा वाजत आले आणि कचेरीचा सायकलवाला डाक घ्यायला येईल. माणिकबाईंनी अडुळशाचा काढा घ्यावा.

तुमचा,
शालिकराम

ता. क. १: आजचा सायकलवाला आलाच नाही, म्हणून पत्र घरी आणले आणि पुन्हा वाचले. त्यात एक गोष्ट अर्धी राहिली आहे. स्पर्धा संपली तेव्हा घारीने टेबल सोडले नव्हते हे खरे आहे, पण स्पर्धा चार वाजता संपली आणि आमची गाडी साडेसातची होती. पाच वाजता मांडव सोडला, टेबल नेले, घार हारांसकट जमिनीवर ठेवली. माणसे गेली. भागीरथाबाई टोपल्या गोळा करत होती आणि खालच्या हरभऱ्यात एक बैलजोडी उभी होती, एवढेच. वावटळी थांबल्या होत्या आणि सकाळचाच वारा, जरा थंड होऊन, परत आला होता. वहिनी घारीपाशी बसल्या आणि एकेक हार काढू लागल्या. पंखांवरचे चार काढले, शेपटीवरचा काढला, नाकावरचा एक काढला. दुसरा, दोन वेढ्यांचा, मी काढायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तो राहू द्या भाऊजी. तेवढं किसनाचं."

मी विचारले, नाक हलके आहे हे तुम्हाला आधीपासून पटले होते? त्या म्हणाल्या की मैदानावरच पटले होते, पण तेव्हा बोलले असते तर हे म्हणाले असते की भावाचीच बाजू घेते, आणि भाऊ म्हणाला असता की नवऱ्याला सांगायची हिंमत नाही. म्हणून त्यांनी अडीच वर्षे काहीच म्हटले नाही. मग त्यांनी पदराच्या काठाचा दोरा ओढून हार नाकाशी घट्ट बांधला, घार उचलून दोन बोटांवर तोलून पाहिली, दोन फुले तोडली, पुन्हा तोलली. आणि बांधाच्या टोकावर जाऊन त्यांनीच सोडली. घारीने वर तोंड केले नाही. ती नाक किंचित खाली धरून निघाली, तलावाच्या कडेने वळली, उन्हात पंखांवरचे रेशीम लाल दिसले. मी मोजत होतो. माझे एकेचाळीस झाले, वहिनींचे चव्वेचाळीस. भागीरथाबाई मोजत नव्हती, पण ती म्हणाली की पुष्कळ झाले. मग घार हरभऱ्यात बैलांच्या पुढे उतरली आणि उजवा पंख मोडला.

रजिस्टर नत्थुजी घेऊन गेले होते. शेऱ्याचे काम राहू द्यावे, मला आता त्याची तितकी गरज वाटत नाही.

ता. क. २: सहदेव कंडक्टर पाऊण तास बसला त्यात मीच बोललो असे नाही. त्यानेही एक सांगितले. दहा नोव्हेंबरला, म्हणजे दादाला पोचवले त्या दिवशी, सकाळच्या गाडीने तुम्ही परतवाड्याहून अमरावतीला आलात. मोटार स्टँडवरच्या कडुलिंबाखाली दिवसभर बसलात आणि संध्याकाळी त्याच्याच गाडीने परत गेलात. त्याने चहा विचारला तोही घेतला नाहीत. हे मी वहिनींना परतीच्या गाडीत सांगितले. त्यांनी तोंड खिडकीकडे केले आणि बडनेऱ्यापर्यंत तसेच ठेवले. तुमच्या नावापुढे मीही नत्थुजींसारखाच एक शेरा लिहून ठेवला होता, नोव्हेंबरात. तो खोडला आहे. आद्याक्षरे घातली आहेत.

ता. क. ३: हे वहिनींनी लिहायला सांगितले आहे. घार उडाली, तेव्हा तुमचा शब्द तुम्हाला लागू झाला. पण गुडघा पाहता परतवाड्याहून पायी येऊ नये, मोटारीने आले तरी चालेल. मोटार स्टँडपासून आपले घर पाऊण मैल आहे. तेवढे मात्र पायीच यावे. आल्यावर 'कसं झालं' असे मला विचारू नये, मी ते रविवारी अकरा वेळा सांगितले आहे. वहिनींना विचारावे, त्यांना अजून कोणी विचारलेले नाही. येताना बारीक कानस आणि अधपाव शिसे आणावे. घार माडीवर पुन्हा टांगली आहे, हार अजून नाकाला आहे, पण फुले वाळत चालली आहेत आणि वजन रोज कमी होते आहे.